डिझाइन 'क्लीन' दिसतंय, तरी लोक अडकतायत? मग क्रम चुकलाय

महिन्यातून दोन-तीन जण तरी मला आपली स्क्रीन पाठवून विचारतात, बघ ना, एवढं साधं केलंय, रंग दोनच आहेत, मोकळी जागा भरपूर आहे, तरी लोक मधेच सोडून जातात. उघडून बघावं तर स्क्रीन खरंच देखणी असते. बटणांवरचे शब्द काढून नुसते आयकॉन ठेवलेले, लेबलं चौकटीच्या आत फिकट राखाडी रंगात घातलेली, मेन्यू तीन रेघांमागे लपवलेला. म्हणजे पसारा स्क्रीनवरून उचलला आणि वापरणाऱ्याच्या डोक्यात नेऊन ठेवला. आता तिसऱ्या आयकॉनचा अर्थ काय आणि या चौकटीत काय लिहायचं होतं हे त्यानेच लक्षात ठेवायचं.

सोपेपणा मी एकाच गोष्टीवरून मोजते, माणसाला किती ठिकाणी थांबून विचार करावा लागला. तो आकडा कमी करायचा तर कामाचा क्रम बदलावा लागतो, कारण बहुतेक जण रंग आणि कार्डांपासून सुरुवात करून शेवटी शब्दांकडे येतात, आणि माणसांकडे तर येतच नाहीत.

खाली सगळं एकाच उदाहरणावर सांगतेय: डॉक्टरांची वेळ घ्यायचा फॉर्म. एका क्लिनिकसाठी असा फॉर्म दुरुस्त केला होता, त्यातल्या चुका अधेमधे येतील, काही माझ्याही आहेत. फॉर्मच का घेतला, तर होमपेज लोक नुसतं बघून पुढे जातात, फॉर्म मात्र भरावा लागतो आणि तिथे डिझाइनची लबाडी चालत नाही.

## तयारी: सॉफ्टवेअर अजून उघडू नका

आधी एवढं जमवा:

१. काम एका वाक्यात लिहा, वापरणाऱ्याच्या बाजूने. "अपॉइंटमेंट मॉड्यूल बनवायचं" हे तुमचं काम झालं. त्याचं काम असं: "मला या आठवड्यात संध्याकाळची वेळ हवीय आणि ती नक्की मिळाली हे कळायला हवंय." या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागामुळे नंतर एक अख्खी स्क्रीन बदलली, म्हणून ते लिहायचा कंटाळा करू नका.

२. आलेल्या तक्रारी, चॅट, फोनवर लोक जे विचारतात ते सगळं गोळा करा. फोन उचलणाऱ्या माणसाशेजारी दोन तास बसलात तर दहा मीटिंगांचं काम होतं.

३. एक जुना, लहान स्क्रीनचा, थोडा हळू चालणारा फोन. तुमच्या टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरवर सगळंच छान दिसतं.

४. हे काम खरंच करणारी पाच माणसं. ऑफिसातली नकोत, ती तुमच्यासारखीच असतात.

५. कोरे कागद आणि पेन.

माणूसकेंद्री डिझाइनचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९२४१-२१०, त्यात चार कामं सांगितलीत: वापराची परिस्थिती समजून घेणं, गरजा ठरवणं, उपाय तयार करणं आणि तो तपासणं, आणि ही चारही फिरून फिरून करायची. आपण बहुतेक वेळा थेट तिसऱ्यावर उडी मारतो आणि चौथं वेळ उरला तर करतो.

तपासा: तुमच्या वाक्यात 'युजर', 'मॉड्यूल', 'डॅशबोर्ड' यापैकी एखादा शब्द आला असेल तर वाक्य परत लिहा.

## टप्पा १: विचारू नका, बघत बसा

आत्ता जे काही चालू आहे, जुना फॉर्म, कागद, फोन, जे असेल ते, लोकांना ते वापरताना बघा. सांगायचं एवढंच: "नेहमी करता तसं करा, आणि मनात येईल ते मोठ्याने बोला." मग गप्प बसायचं. बोट कुठे थांबलं, नजर कुठे परत गेली, कुठे "अं..." झालं, तेवढंच लिहून घ्यायचं.

त्या क्लिनिकच्या वेळी पहिल्याच दिवशी साठी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. फोन डाव्या हातात, उजव्या हाताची तर्जनी, चष्मा आधी कपाळावर आणि मग नाकावर. जन्मतारखेच्या चौकटीवर बोट ठेवलं तर चालू महिन्याचं कॅलेंडर उघडलं. त्यांचा जन्म १९५७ चा. त्या डावीकडचा बाण दाबत एकेक महिना मागे जायला लागल्या. २०२५ वरून १९५७, म्हणजे ६८ वर्षं, म्हणजे ८१६ वेळा दाबायचं. वर जे वर्ष लिहिलं होतं त्यावर दाबलं की वर्षांची यादी उघडते हे मला माहीत होतं, डेव्हलपरला माहीत होतं, पण ते वर्ष साध्या मजकुरासारखं दिसत होतं, ते दाबता येतं हे त्यांना कळणार कसं. दहा-बारा वेळा दाबून थांबल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "मला नाही हो जमत हे, मुलगा भरेल."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलंय. लोक फॉर्मला दोष देत नाहीत, स्वतःला देतात. म्हणूनच नंतर "कसं वाटलं?" विचारलं की "छान आहे" म्हणतात आणि आपण ते खरं धरून चालतो.

उपाय साधा होता. ज्या तारखा माणसाला पाठ असतात, उदाहरणार्थ जन्मतारीख, त्या टाइप करू द्या: दिवस, महिना, वर्ष, तीन चौकटी. कॅलेंडर फक्त तिथे, जिथे वार बघून ठरवायचं असतं आणि तारीख जवळची असते.

सावधान: बघताना तुमचा हात पुढे जाईल. "ते वरचं दाबा" असं एकदा बोललात की त्या माणसाकडून पुढे काहीच कळत नाही. मी हात मांडीखाली घेऊन बसते, हसू नका, उपयोग होतो.

## टप्पा २: प्रश्न कापा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथे काढलेली एक चौकट पुढची सगळी कामं वाचवते, तिचं लेबल, तिची चूक, तिचं भाषांतर, तिची चाचणी, काहीच करावं लागत नाही.

एक तक्ता करा. डाव्या बाजूला फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न आणि त्यापुढे तीन रकाने:

- हे उत्तर कोण वाचतं?
- वाचून काय करतं?
- रिकामं ठेवलं तर काय अडेल?

पहिल्या रकान्यात माणसाचं किंवा कामाचं नाव आलं पाहिजे. "सिस्टीम", "मार्केटिंग बघेल", "असू दे, लागेल कधीतरी" ही उत्तरं चालणार नाहीत, ती आली की प्रश्न कापायचा. क्लिनिकच्या फॉर्मला १९ चौकटी होत्या. पत्ता होता, तो कोणी वाचत नव्हतं. ई-मेल बंधनकारक होता आणि क्लिनिककडून ई-मेल कधीच जात नव्हता, सगळं मेसेजवर. रक्तगट होता! तो डॉक्टर समोर बसून विचारतातच. "तुम्हाला आमच्याबद्दल कुठून कळलं?" यावर बराच वाद झाला, मॅनेजरना तो प्रश्न फार प्रिय होता, पण आलेली उत्तरं शेवटची कधी उघडली हे त्यांनाही सांगता येईना. शेवटी सहा चौकटी उरल्या.

एकच माहिती दोनदा मागू नका. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जे नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत हे सरळ लिहिलंय: एकाच प्रक्रियेत आधी दिलेली माहिती परत टाइप करायला लावू नका, आपोआप भरा किंवा निवडू द्या. सुरक्षेसारखं खरं कारण असेल तर गोष्ट वेगळी. "ई-मेल पुन्हा लिहा" ही दुसरी चौकट तर बहुतेक लोक वरचं कॉपी करून खाली चिकटवतात, मग ती चूक पकडणार कुठली?

तपासा: उरलेल्या प्रश्नांत जे ऐच्छिक आहेत त्यांच्यापुढे 'ऐच्छिक' असा शब्द लिहा. लाल चांदणीचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो असं समजू नका. ऐच्छिक जास्त झाले तर समजा कापणं अर्धवट राहिलंय.

## टप्पा ३: शब्द आधी, चौकटी नंतर

कागदावर फोनवरचं संभाषण लिहा. एक माणूस वेळ मागतोय, दुसरा देतोय. खरोखर बोलतात तसं.

"हॅलो, वेळ हवी होती."
"कोणाला दाखवायचंय?"
"आईला."

इथेच मी थांबले. १९ चौकटींच्या त्या फॉर्ममध्ये हा प्रश्नच नव्हता! सगळीकडे "तुमचं नाव", "तुमची जन्मतारीख". मुलं आईवडिलांसाठी वेळ घेत होती आणि नाव आपलं टाकत होती, काउंटरवर रोज त्यावरून गोंधळ. रिसेप्शनवरचा माणूस जे पहिल्या वाक्यात विचारतो ते आमच्या डिझाइनला सुचलं नव्हतं. आता पहिला प्रश्न तोच आहे: "वेळ कोणासाठी हवीय?" आणि खाली दोन मोठी बटणं, "माझ्यासाठी" आणि "दुसऱ्या कोणासाठी".

संभाषण झालं की त्यातूनच लेबलं उचला. मग हे बघा:

१. बटणावर काम लिहा. "सबमिट" म्हणजे काय होणार? "वेळ पक्की करा" म्हटलं की कळतं.

२. विचारलेल्या प्रश्नाला आणि बटणाला एकच शब्द दोन अर्थांनी वापरू नका. "वेळ रद्द करायची आहे का?" असं विचारून खाली "ओके" आणि "रद्द करा" ठेवलं होतं, आणि हे माझंच काम बरं का. आता "रद्द करा" दाबलं तर वेळ रद्द होणार की रद्द करणं रद्द होणार? लोक अक्षरशः फोन तसाच ठेवून क्लिनिकला कॉल करत होते. बदलून "हो, वेळ रद्द करा" आणि "नको, राहू दे" केलं.

३. लेबल चौकटीच्या वर, बाहेर, कायम दिसेल असं. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहिलं की टाइप करायला लागताच ते गायब होतं, आणि मधे फोन आला, परत आलात, तर काय विचारलं होतं ते शोधायला लिहिलेलं खोडावं लागतं. शिवाय काहींना ते आधीच भरलेलं उत्तर वाटतं.

४. भाषांतराची मराठी टाळा. "प्रमाणीकरण अयशस्वी" वाचून कोणाला काय करायचं ते कळणार? "ओटीपी चुकलाय. परत टाका, नाहीतर नवीन मागवा." ओटीपी हा शब्द लोक रोज वापरतात, त्याला शुद्ध प्रतिशब्द शोधत बसू नका.

तपासा: सगळे शब्द कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना तुम्हालाच अवघडल्यासारखं झालं तर तो शब्द बदला.

## टप्पा ४: क्रम लावा

नियम एकच ठेवला तरी पुरतो: आधी द्या, मग मागा. माणूस रिकाम्या वेळा बघायला आलाय, त्याला आधी नाव-नंबर-ओटीपीच्या दारातून नेलं तर अर्धे दारातूनच परत जातात, आणि आत शिरल्यावर "या आठवड्यात वेळ नाही" दिसलं तर शिव्या घालतात. म्हणून आधी कोणासाठी, मग कोणते डॉक्टर, मग रिकाम्या वेळा, मग नाव, आणि फोन नंबर व ओटीपी अगदी शेवटी.

एका स्क्रीनवर एक गोष्ट ही पद्धत सध्या बऱ्याच ठिकाणी दिसते, ब्रिटिश सरकारच्या गव्ह-डॉट-यूके वरच्या सेवांनी ती पुष्कळ वापरलीय, आणि मोबाइलवर ती खरंच चांगली चालते. पण एक गोष्ट म्हणजे एक चौकट नव्हे. नाव आणि जन्मतारीख मिळून "पेशंट कोण" ही एक गोष्ट झाली, त्यांच्या वेगवेगळ्या स्क्रीन करू नका, नुसतं पुढे-पुढे दाबून माणूस वैतागेल.

मागे जायचं बटण चाललंच पाहिजे आणि मागे गेल्यावर भरलेलं तसंच दिसलं पाहिजे. फोनचं स्वतःचं मागे जायचं बटणही धरा यात, ते दाबल्यावर अख्खा फॉर्म बंद होणं ही फार जुनी आणि अजूनही रोज भेटणारी चूक आहे.

जाता जाता एक: "मेन्यूत सातच गोष्टी हव्यात, मेंदूला सातच झेपतात" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सातचा आकडा येतो मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरच्या १९५६ च्या निबंधातून, आणि तो होता आठवणीत किती गोष्टी धरता येतात यावर. मेन्यू डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करायचा नसतो. चार-पाच मुख्य जागा असतील तर तीन रेघांमागे लपवू नका, खाली पट्टीत शब्दांसकट दिसू द्या. शब्दांसकट. घर आणि भिंग सोडलं तर बाकीच्या आयकॉनांचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो.

## टप्पा ५: राखाडी आराखडा, लहान स्क्रीनवर

आता सॉफ्टवेअर उघडा, पण रंग नको, फोटो नको. राखाडी चौकटी आणि खरे शब्द. खोटा भरताड मजकूर टाकू नका, खरं लेबल दोन ओळींत गेलं की सगळी मांडणी बदलते आणि ते आत्ताच कळलेलं बरं.

मापं लक्षात ठेवायची ती एवढीच:

- सुरुवात ३२० पिक्सेल रुंदीपासून. तिथे आडवं सरकवावं लागलं नाही तर मोठ्या स्क्रीनवर अडचण येत नाही.
- दाबायच्या जागा: ॲपलची शिफारस ४४ गुणिले ४४ पॉइंट, गूगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीची ४८ गुणिले ४८ डीपी (पॉइंट आणि डीपी ही फोनच्या स्क्रीनवर मोजायची एककं). डब्ल्यूसीएजी २.२ मधलं २४ गुणिले २४ पिक्सेल हे किमान आहे, ध्येय नव्हे. "पक्की करा" आणि "रद्द करा" एकमेकांना चिकटवून ठेवू नका.
- टाइप करायच्या चौकटीतला फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवला तर आयफोनवरचं सफारी चौकटीत शिरताच पान झूम करतं. लोक म्हणतात साइट हलते, आणि डेव्हलपर दोन दिवस भलतंच शोधत बसतो.

मराठीत काम करताना आणखी थोडं. ओळींमधलं अंतर रोमन मजकुरापेक्षा जास्त लागतं, वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते. फॉन्टच्या आकाराच्या दीडपटीपासून सुरू करा, गरज पडली तर वाढवा. अक्षरांमधलं अंतर वाढवायची जी फॅशन आहे ती देवनागरीला लावू नका, शिरोरेखा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अगदी बारीक वजनाचे फॉन्टही लहान आकारात नको.

तपासा: मजकूर दुप्पट (२०० टक्के) करून बघा. बटणावरचे शब्द कापले गेले तर बटणाची उंची ठरवून टाकलेली आहे, ती मोकळी सोडा.

## टप्पा ६: आता रंग, आता ट्रेंड

कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक: साध्या मजकुराला निदान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना, आयकॉनना आणि चौकटींच्या कडांना ३ ला १. पांढऱ्यावर ९९९९९९ (हा रंगाचा कोड) हा सगळ्यांचा लाडका राखाडी साधारण २.८५ देतो, म्हणजे नापास. ७६७६७६ काठावर पास होतो. आणि लाल-हिरव्यावर भिस्त ठेवू नका, रिकामी वेळ हिरवी आणि गेलेली लाल असेल तर शेजारी शब्दही लिहा.

ट्रेंडबद्दल माझं मत विचाराल तर ट्रेंड वाईट नसतो, त्याची जागा सहाव्या टप्प्यात आहे एवढंच, आणि लोक त्याला पहिल्यात बसवतात.

डार्क मोड द्यायचा तर फोनची सेटिंग मानून द्या आणि कॉन्ट्रास्ट वेगळा तपासा, नुसते रंग उलटे करून भागत नाही. काचेसारखे पारदर्शक थर, ॲपलने २०२५ मध्ये लिक्विड ग्लास आणल्यापासून सगळ्यांना हवे झालेत, पण काचेमागे काय येणार हे तुमच्या हातात नसतं, म्हणून सगळ्यात गजबजलेला फोटो मागे ठेवून अक्षरं वाचता येतात का ते बघा आणि नसतील तर त्या जागी ठोस रंग द्या. ॲनिमेशन असेल तर फोनमध्ये 'हालचाल कमी करा' चालू असलेल्या माणसाला ते दिसता कामा नये, काहींना खरंच गरगरतं.

चॅटबॉटची हौस जरा आवरा. "मी तुमची काय मदत करू?" असं रिकाम्या चौकटीवर लिहिणं म्हणजे माणसालाच काम लावणं, कारण काय विचारता येतं हेच त्याला माहीत नसतं. लोक येऊन तीनच गोष्टी करत असतील, वेळ घेणं, बदलणं, रद्द करणं, तर तीन बटणं द्या.

जो नवा बदल मी डोळे मिटून घेईन तो पासकीचा. पासवर्ड आठवायला न लावता चेहरा किंवा बोटाने आत येता येतं. ते जमत नसेल तर निदान पासवर्डच्या चौकटीत पेस्ट करणं बंद करू नका आणि मेसेजमधला ओटीपी आपोआप भरला जाऊ द्या.

आणि "फक्त २ जागा शिल्लक!" असलं खोटं घाईचं लिखाण, आधीच टिक केलेली चौकट, न सापडणारं 'नको' बटण, यांना डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये डार्क पॅटर्न हे नाव दिलं. दिसायला कितीही स्वच्छ असलं तरी हे माणूसकेंद्री नाही.

## टप्पा ७: बिघडतं तेव्हा काय दिसतं

डिझाइन फाइलमध्ये सगळ्यांचं नाव लहान असतं, नेट जोरात असतं आणि कोणी चुकत नाही. खऱ्यात उलटं. म्हणून प्रत्येक स्क्रीनची बिघडलेली रूपंही काढा.

१. चूक चौकटीजवळ दाखवा, लाल रंग आणि शब्द दोन्ही. काय चुकलं आणि काय करायचं. "अवैध इनपुट" हे उत्तर नाही. "नंबरात एक आकडा कमी आहे" हे उत्तर.

२. टाइप करत असताना ओरडू नका. पहिला आकडा टाकला की लगेच "नंबर चुकीचा आहे", अरे लिहू तर दे! चौकट सोडल्यावर तपासा.

३. माफ करा, म्हणजे सॉफ्टवेअरने माफ करायचं. नंबरात मधे जागा सोडली, पुढे देशाचा कोड लावला, मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकले, तर ते सुधारून घेणं हे कॉम्प्युटरचं काम आहे. आडनाव नसलेली माणसं असतात, एका अक्षराचं नाव असतं, त्यांना अडवू नका.

४. ओटीपी किंवा फोन नंबरसाठी 'नंबर' प्रकारची चौकट वापरू नका. माउसचं चाक फिरलं तरी आत लिहिलेला आकडा बदलू शकतो. साधी मजकुराची चौकट ठेवून आकड्यांचा कीबोर्ड उघडायला सांगता येतं, तेच करा.

५. सगळं भरेपर्यंत बटण मेलेलं ठेवू नका. माणसाला कळत नाही काय राहिलंय, तो दाबत बसतो. बटण जिवंत ठेवा, दाबल्यावर राहिलेली जागा दाखवा.

६. चूक झाली तरी भरलेलं पुसलं जाता कामा नये. कधीच.

वेळेचं गणित, वस्तू वापरायला किती सोपी यावर काम करणारे तज्ज्ञ जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडलेलं, अजून चालतं: ०.१ सेकंदात घडलं तर लगेच झालं असं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते, १० सेकंदांपुढे लक्ष उडतं. म्हणून बटण दाबल्याबरोबर त्यावरचे शब्द "पक्की करतोय..." असे बदला आणि दुसऱ्यांदा दाबलं तरी दोन नोंदी होणार नाहीत हे बघा.

शेवटची स्क्रीन विसरू नका. तयारीतलं वाक्य आठवा, "नक्की मिळाली हे कळायला हवंय". आमच्या जुन्या फॉर्ममध्ये शेवटी हिरवी टिक आणि "धन्यवाद!" एवढंच यायचं, मग लोक फोन करून विचारायचे, झाली ना वेळ पक्की? आता तिथे वार, तारीख, वेळ, डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव आणि वेळ बदलायची लिंक आहे, आणि तेच मेसेजवरही जातं.

सावधान: तुम्ही फॉर्म भरत असताना तीच वेळ दुसऱ्याने घेतली, हा प्रसंग हमखास येतो. तेव्हा परत पहिल्या पानावर फेकू नका, "ही वेळ आत्ताच गेली, जवळच्या या तीन आहेत" असं दाखवा.

## टप्पा ८: पाच माणसं, दुरुस्ती, परत पाच

पाच माणसांत बहुतेक मोठ्या अडचणी कळतात हे नीलसन यांचं म्हणणं सगळे सांगतात, पण त्याचा अर्धा भाग गाळून. त्यांचा मुद्दा असा की पंधरा जणांवर एकदा तपासण्यापेक्षा पाच-पाच जणांवर तीनदा तपासा आणि मधे दुरुस्त करा. दोन वेगळ्या प्रकारची माणसं वापरणार असतील तर दोन्हींतली घ्या.

काम सांगताना बटणावरचे शब्द वापरू नका. "वेळ पक्की करा" म्हणालात की माणूस ते शब्द शोधतो आणि सापडले की खूश. "तुमच्या वडिलांचा गुडघा दुखतोय, गुरुवारनंतर संध्याकाळी दाखवायचंय" एवढं सांगून फोन हातात द्या. अडकले तर मनात दहा आकडे मोजा. "आता काय करू?" विचारलं तर "मी नसते तर काय केलं असतं?" असं विचारा.

एक फेरी उन्हात उभं राहून, एका हाताने. एक फेरी टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर (न दिसणाऱ्यांसाठी स्क्रीन मोठ्याने वाचून दाखवणारी फोनमधली सोय) लावून, डोळे मिटून. माझ्या फॉर्ममध्ये या फेरीत सहापैकी दोन बटणं नुसती "बटण, बटण" अशी वाचली गेली, नाव द्यायचंच राहिलं होतं.

टिपणं तीन रकान्यांत: कुठे थांबले, काय म्हणाले, काय केलं. तुमचं मत चौथ्या रकान्यात, आणि तो शेवटी भरायचा. ज्यामुळे काम पूर्णच झालं नाही ते आधी दुरुस्त करा, ज्यामुळे उशीर झाला ते मग, आणि "रंग जरा गडद हवा होता" हे सगळ्यात शेवटी.

तपासा: दुसऱ्या फेरीत निदान एक माणूस असा हवा ज्याने पहिल्या टप्प्यात हात टेकले होते. त्या बाईंना मी परत बोलावलं. तीन चौकटींत जन्मतारीख टाकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "एवढंच?" आणि मग ऐच्छिक चौकटीपाशी अडकल्या, "हे लिहिलं नाही तर डॉक्टर बघतील ना?" ती ओळ त्याच दिवशी बदलली.

## चालू झाल्यावर

लोक कोणत्या स्क्रीनवरून सोडून जातात ते आठवड्याला एकदा बघा आणि तिथे पहिला टप्पा परत करा, म्हणजे त्या स्क्रीनवर दोन-तीन माणसं बसवून बघा. आकडा फक्त जागा दाखवतो, कारण सांगत नाही.

आणि दुसऱ्या टप्प्यातला तो तीन रकान्यांचा तक्ता फेकू नका. नवीन चौकट मागायला कोणी आलं की त्यांच्या हातात तोच द्या, आधी हे भरा म्हणावं. क्लिनिकमध्ये दोन महिन्यांनी मॅनेजर परत "तुम्हाला आमच्याबद्दल कुठून कळलं?" घेऊन आले. मी तक्ता पुढे केला. पहिल्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, दुसऱ्यावर बराच वेळ पेन टेकवून बसले, आणि मग म्हणाले, "काउंटरवर तोंडीच विचारतो मी."